खोताचं घर, श्यामचं घर

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी विषय दिला ‘लेखकाचं बालपणीचं घर’, आणि कुठल्या लेखकाचं ते माझ्यावर सोडलं. कोकणात निवड करायला वाव भरपूर. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथं स्मारक उभारलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नुसता दापोली तालुका घेतला तरी मुर्डी आहे, श्री. ना. पेंडशांचं. पण मी ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचं पालगड घेतलं. इतर लेखकांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो. पालगडला जाणारा माणूस मात्र त्या घरातल्या माणसांना आधीपासून ओळखत असतो. आईचा स्वभाव त्याला ठाऊक असतो, वडिलांचा, भाऊंचा हट्ट ठाऊक असतो, धाकट्या पुरुषोत्तमावर काय वेळ आली तेही ठाऊक असतं. माहिती सांगणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत याचा गळा दाटलेला असतो.

माझी तक्रार त्या दाटलेल्या गळ्याबद्दल आहे. गळा दाटू नये असं मी म्हणत नाही, माझाही दाटतो. पण गळा दाटला की डोळे नीट पाहत नाहीत. ‘श्यामची आई’ घरोघरी वाचली गेली, शाळांतून बक्षीस म्हणून वाटली गेली, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला, वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले आणि पुढच्याच वर्षी त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. एवढं सगळं झाल्यावर पालगडच्या घराचं देऊळ होणं ओघानंच आलं. देवळात गेल्यावर आपण हात जोडतो. घर कोणाचं, कशावर उभं राहिलं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं, हे विचारत नाही. आज तेवढंच विचारायचं आहे.

साने गुरुजींचा, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, पालगडचा. घराणं खोताचं. आजच्या तरुण श्रोत्यांना खोत म्हणजे नुसतं आडनाव वाटेल, म्हणून थोडं सांगतो. देशावर रयतवारी होती. शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरायचा. रत्नागिरी-कुलाबा भागात सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा असे. गावाचा सारा भरायची हमी तो सरकारला देई आणि कुळांकडून आपल्या हिशेबानं वसूल करी. कुठे पिकाचा निम्मा वाटा, कुठे तिसरा. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडी सापडतात. सरकारला द्यायचं ते ठरलेलं, कुळाकडून घ्यायचं ते पिकावर. मधलं जे राही त्यावर खोताचा वाडा उभा असे. शिवाय वेठ: खोताच्या शेतावर, खोताच्या घरी, फुकट राबणूक. १८८० चा खोती कायदा झाला, कागदोपत्री शिस्त आली, पण ओटीवर झोपाळ्यावर बसलेला खोत आणि खाली खळ्यात उकिडवं बसलेलं कूळ, ही जागांची वाटणी कोणत्याही कायद्यानं चटकन बदलली नाही.

कोकणातलं जुनं घर पाहताना या जागा आधी पाहाव्यात. खळं, मग पायऱ्या, मग पडवी, ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, देवघर, आणि मागे न्हाणी नि परसू. कोण कुठपर्यंत येणार हे ठरलेलं. सावकाराचा माणूस ओटीपर्यंत, कूळ खळ्यापर्यंत, कांडप करायला येणारी बाई मागच्या दारापर्यंत. काहींना गडग्याच्या आतही प्रवेश नाही. घराच्या नकाशातच गावाचा नकाशा काढलेला असतो.

आता पुस्तकाकडे. मी शाळेत असताना आणि नंतर कित्येक वर्षं, श्यामचं घर म्हणजे एक घर अशीच माझी समजूत होती. सगळ्या वाचकांची असते. पण पुस्तक सरळ वाचलं तर श्यामला छपरं तीन आहेत. पहिलं मोठं, एकत्र कुटुंबाचं, खोतांचं. तिथं दूधदुभतं, माणसांची ये-जा, सणवार, लग्नकार्यं. भाऊबंदकी होते आणि वडिलांना त्या घरातून बाहेर पडावं लागतं. दुसरं छप्पर आईच्या वडिलांचं, त्याच गावातलं. लग्न होऊन सासरी गेलेली बाई मुलाबाळांसकट पुन्हा माहेरच्या घरात राहायला येते. आणि तिसरं छप्पर झोपडीचं. त्या प्रकरणाचं नाव ‘पर्णकुटी’.

या तिसऱ्या छपरापाशी थोडं थांबतो. माहेरच्या घरात राहणं आईला डाचतं. उपकाराखाली राहायचं नाही, आपली स्वतःची झोपडी असली तरी चालेल, असं ती नवऱ्याला सांगते. पैसे कुठून आणायचे, तर ती हातातल्या पाटल्या पुढे करते. मातीच्या भिंती उभ्या राहतात, वर गवताचं छप्पर येतं, आणि त्या झोपडीत हे माजी खोताचं कुटुंब राहायला जातं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात हा भाग स्वाभिमानाचा धडा म्हणून शिकवतात. आहेच तो. पण हिशेब म्हणूनही वाचून पाहा. सोनं माती होऊन भिंतीत जातंय. त्या घरात बाईच्या नावावर असलेली एकमेव मालमत्ता म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने, आणि घर उभं राहिलं ते त्या मालमत्तेवर. ज्या खोतीवर पुरुषांनी आयुष्यभर भांडणं केली, तिच्यातून श्यामच्या आईला एक भिंतही मिळाली नाही.

आणि ही पडझड काही कादंबरीतली सोय नाही. साने कुटुंब खोतीच्या सुस्थितीतून गुरुजींच्या बालपणीच कर्जात गेलं, वडील स्वदेशीच्या चळवळीपायी तुरुंगाची हवा खाऊन आले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि राहतं घर जप्त झालं. १९१७ मध्ये आई गेली. मुलगा जवळ नव्हता.

साने गुरुजींची ‘रडके लेखक’ म्हणून पुष्कळ टवाळी झाली. विद्वानांनी केली, विनोदी लेखकांनी केली. मला त्या टवाळीचं आश्चर्य वाटतं, कारण या माणसाइतकं पैशाबद्दल रोखठोक लिहिणारा त्या काळातला मराठी लेखक शोधावा लागेल. कर्जाला त्यानं एक संपूर्ण रात्र दिली आहे. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, घरात मुक्काम ठोकतो, जेवतो आणि वर बायकामाणसांना लागेल असं बोलतो; आई भडकून त्याला सुनावते, आणि तिला गप्प बसवण्याची पाळी तिच्या नवऱ्यावर येते, कारण देणेकऱ्याला राग परवडत नाही. पुढे जप्ती. जप्तीचं वर्णन करताना लेखक कागदपत्रांकडे जात नाही. ढोल वाजवत दवंडी गावभर फिरते, घराशी येते, आणि शाळेत मुलं श्यामच्या भावाला त्यावरून चिडवतात. लहान गावात दिवाळं काय असतं हे मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात इतकं नेमकं सापडलेलं नाही. घर जाणं म्हणजे आधी ढोलाचा आवाज, मग पोराची शाळा, मग बाईचं पाण्याला जाणं बंद होणं. भिंती सर्वांत शेवटी जातात.

म्हणून मी म्हणतो की पालगडला आपण जे घर पाहायला जातो त्याचं खरं चरित्र ते हातातून जाण्याचं आहे. आज ते घर जपलं गेलं आहे, साफसूफ आहे, कौलं शाकारलेली आहेत, भिंतीवर फोटो आहेत. ज्यांनी जपलं त्यांचे उपकार मानले पाहिजेत. कोकणातल्या पावसात रिकामं घर दोन-तीन वर्षांत भुईसपाट होतं, हे इथं बसलेल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. तरीपण घर जपताना त्याचं जाणं पुसलं जातं. सगळं जागच्या जागी, नीटनेटकं. पाहणाऱ्याला वाटतं, इथं एक सुखी, संस्कारी, गरीब कुटुंब राहत होतं. गरीब हा शब्द तर फारच फसवा. हे कुटुंब गरीब नव्हतं, गरीब झालं. जन्माच्या गरिबाला जप्तीची दवंडी ऐकावी लागत नाही. जप्त व्हायला काहीतरी असावं लागतं.

आणि लिहिलं कुठे? घरापासून शेकडो मैल लांब. १९३० मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलातली शिक्षकाची नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. मग तुरुंगामागून तुरुंग. त्रिचनापल्लीला दक्षिणेकडच्या भाषांशी ओळख झाली. धुळ्याला १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये आलं. लिहिलं तेव्हा आई जाऊन पंधरा वर्षं उलटलेली. नाशिकच्या तुरुंगाची कोठडी हीच या पुस्तकाची खोली. पुस्तकाची रचनाही पाहा. श्याम आपल्या घरात बसून गोष्ट सांगत नाही. आश्रमात, रात्रीच्या प्रार्थनेनंतर, सोबत्यांना सांगतो. रोज थोडी, बेचाळीस रात्री. घर नसलेल्या माणसांना घराची गोष्ट.

अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी जे केलं तेही मला याच धाग्यातलं वाटतं. मुलांचे कपडे धुणं, दिवे पुसणं, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांसाठी हातानं दैनिक लिहून काढणं. आईनं घरात जे केलं ते हा मास्तर परक्या गावात परक्यांच्या मुलांसाठी करत होता. स्वतःचं घर त्यानं पुन्हा कधी बांधलंच नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पुस्तकात एक प्रसंग आहे, ‘थोर अश्रू’इतका प्रसिद्ध नाही. ‘थोर अश्रू’ सगळ्यांना पाठ: न्हाऊन निघालेला श्याम ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हटून बसतो, आई दगडावर आपलं लुगडं पसरते, आणि मग पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं त्याला सांगते. न्हाणीजवळच्या त्या दगडाबद्दल येणारे लोक आवर्जून विचारतात. दुसऱ्या प्रसंगात एक म्हातारी आहे, महार समाजातली. डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडली आहे, आणि कोणी हात लावत नाही म्हणून ती परत डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि आल्यावर आंघोळ कर.

मोळी उचलून दे. आणि आल्यावर आंघोळ कर. दोन्ही वाक्यं एकाच बाईची, एकाच दमात. पहिलं वाक्य आपण व्याख्यानांतून, कीर्तनांतून खूप ऐकलं. दुसरं वाक्य सांगताना वक्ते घाईत असतात. पण गुरुजींनी ते गाळलं नाही. आईला देव्हाऱ्यात बसवायचं असतं तर एवढं वाक्य खोडणं किती सोपं होतं. १९३३ साली तुरुंगात बसून लिहिणाऱ्या, अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य पणाला लावायला निघालेल्या माणसानं आपल्या आईच्या दयेची हद्द कुठपर्यंत होती ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. माझ्या लेखी हा त्या पुस्तकातला सर्वांत धीट मजकूर आहे.

ती हद्द मुलानं पुढे ओलांडली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर गावोगाव फिरून त्यांनी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून लोकमत उभं केलं आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहा दिवसांनी ते सुटलं, मंदिर खुलं झालं. आंघोळ करणाऱ्या श्यामपासून त्या उपोषणापर्यंतचा रस्ता पालगडच्या मागच्या दारातून निघतो. घर दाखवणाऱ्यांनी तो रस्ता दाखवावा एवढं माझं म्हणणं.

मात्र मुलाच्या प्रवासावर गोष्ट थांबवली तर ती पुन्हा आपल्याच माणसाची, ओटीवरच्या माणसाची गोष्ट होते. म्हातारीचं काय? तिला पुस्तकात नाव नाही. तिची बाजू कुणी लिहिली?

लिहिली, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. दापोलीला लागूनच मंडणगड तालुका. तिथं आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं होतं. म्हणजे एकाच डोंगररांगेच्या आसपास, पाच-दहा वर्षांच्या अंतरानं, दोन मुलं वाढली. एक खोताच्या घरातला, दुसरा त्या समाजातला ज्याची पावलं खोताच्या गडग्याबाहेर थांबवली जात. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते या दुसऱ्यानं. पुढच्या जानेवारीत त्यासाठी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याआधी, ज्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात पालगडच्या आठवणी कागदावर उतरत होत्या त्याच १९३३ मध्ये, अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेतं कसायचं सोडलं होतं. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतकऱ्यांनी नांगर धरला नाही. रानातली लाकडं विकून, मोलमजुरी करून दिवस काढले. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं.

‘श्यामची आई’ आणि चरीचा संप. एकाच वर्षातली, एकाच व्यवस्थेबद्दलची ही दोन टोकं. एकात खोताचं घर बुडताना दिसतं, दुसऱ्यात ते कोणाच्या जिवावर तरत होतं ते दिसतं. शाळेत आम्हाला पहिलं शिकवलं, दुसऱ्याचं नावही कानावर पडलं नाही. पहिलं वाचून रडणाऱ्यांना दुसरं कळलं असतं तर रडणं कमी झालं नसतं. त्याला थोडी अक्कल आली असती.

गुरुजींना स्वतःला हे कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. खोतीचा गाडा बुडाला याबद्दल त्यांनी पुस्तकात कुठेही खोताचा कैवार घेतलेला नाही. हळहळ आहे ती आईची, घरदाराच्या अब्रूची. गेलेल्या हक्कांची नाही. पूर्व खानदेशात त्यांनी सारामाफीसाठी शेतकऱ्यांची आणि पगारासाठी गिरणी कामगारांची बाजू लावून धरली. खोताच्या मुलाची ही बाजू बदलण्याची गोष्ट कुणी ‘संस्कार’ म्हणून सांगत नाही, कारण तिच्यात डोळे पुसायला फारसा वाव नाही.

तेव्हा पालगडच्या घराबद्दल माझी काही मागणी आहे, आणि ती साधी आहे. चार भिंतींत आईचा जिव्हाळा दाखवता तसाच खळ्यात खोतीचा हिशेब दाखवा. त्या काळातली एखादी कबुलायत, एखादी दस्तूरपत्रकाची नक्कल, भाताच्या वाट्याचं माप, एखाद्या जप्तीच्या नोटिशीचा नमुना. असे कागद जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर वाळवी खाते आहे. दोन उन्हाळ्यांत कुणी अभ्यासक बसला तर बरंच हाती लागेल. झोपडीची प्रतिकृती करा आणि तिच्यापुढे लिहा की ही कोणाच्या पाटल्यांवर उभी राहिली. मागच्या दाराशी कांडपीण मथुरीचं नाव लिहा. तिला पुस्तकात नाव तरी आहे. आणि गडग्याबाहेर, रस्त्याच्या कडेला, मोळीचा प्रसंग लिहा, दुसऱ्या वाक्यासकट.

शाळांच्या सहली येतात त्यांच्यासाठी एक सूचना. दापोलीला समुद्र आणि पालगडला घर असा बेत शिक्षक आखतात. त्यात आंबडवे घाला. एका दिवसात दोन्ही गावं सहज होतात. सकाळी आंबडवे, दुपारी पालगड, या क्रमानं. आधी गडग्याबाहेरून यावं आणि मग आत शिरावं, म्हणजे माजघरात उभं राहून ‘श्यामची आई’ ऐकताना मुलं प्रश्न विचारतील. उत्तरं द्यायला शिक्षकांना रात्री थोडं वाचून यावं लागेल, आणि मला वाटतं, या खर्चाला शाळासमिती हरकत घेणार नाही.